पाण्याकडे पाठ केलेले तंबू

दादा,

तळ्याकाठचं तंबूचं बुकिंग रद्द कर. तंबूऐवजी गाडीत झोपायचं असेल, तर वर माळावरची जागा चांगली आहे. तिथून पाणी दिसत नाही.

काल मी जागा बघायला गेले, तर सगळ्या तंबूंची दारं तळ्याच्या उलट बाजूला. मी विचारलं, तर तिथले काका म्हणाले, "पाण्याकडून हाक आली तर ओ देऊ नका, ताई." पाण्यावरून आवाज लांबून कसा येतो, हे मीच त्यांना समजावत बसले.

दिवेलागणीला तळ्यापलीकडून हाक आली, "चिंगेऽ!" माझं हे नाव घराबाहेर कुणालाच माहीत नाही. आई कायम सांगते, "एका हाकेक ओ देव नको गो." तरी माझ्या तोंडून ओ गेली.

आज सकाळी तीच हाक आपल्या जिन्यातून आली, तुझ्या आवाजात. तू ड्यूटीवर होतास. मी ओ दिली नाही. पण आपली छोटी मिनू हल्ली कुणालाही ओ देते ना, म्हणून तिला घेऊन मी वाकोल्याला मावशीकडे जातेय.

आमटी फ्रिजमध्ये आहे. मी परत आले की बेल वाजवीन. हाक मारणार नाही.

रुचिरा