लेखनिकाचं पेन

सोमवार, ६ मे
मधली सुट्टी

प्रिय भाऊराया,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, गुडघा कुरकुरत नसेल, गॅरेजात गाड्यांची रांग लागली असेल आणि तुझी बायको तुला वेळेवर जेवायला बसवत असेल, असं धरून चालते. आम्ही इकडे मजेत. म्हणजे तसं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय आणि ओळींमध्ये जागा सोडलीय. आमच्या विभागात सगळ्या मुलांसाठी असंच लिहितो, हाताला तीच सवय झालीय. लगेच नाक फुगवू नकोस. आणि हे बायकोकडून वाचून घेऊ नकोस. दोन दिवस लागले तरी चालतील, पण तूच वाच.

आंतरराष्ट्रीय शाळा म्हणजे काय असतं, असं तू एकदा विचारलं होतंस. बत्तीस देशांची पोरं असतात आणि सगळ्यांच्या आईबापांचं म्हणणं मात्र एकच असतं: आमचं मूल हुशार आहे, फक्त आळशी आहे. मग ते मूल माझ्या खोलीत येतं. दारावर ‘विद्यार्थी साहाय्य’ अशी पाटी आहे. पोरं त्या खोलीला दवाखाना म्हणतात. आत एक गोल टेबल, आवाज बंद करायचे कानावरचे डबे, रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या आणि मी.

सध्या परीक्षा चालू आहेत. बारावीतली माझी एक मुलगी आहे, मी तिला बडबडी म्हणते. गाईच्या पोटाच्या चार कप्प्यांवर अर्धा तास बोलेल, पण दोन ओळी लिहायला बसवली की घामाघूम. लिहिलेलं तिचं तिलाच वाचता येत नाही. दोन वर्षं रोज एक तास ती माझ्यासमोर बसलीय. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचंय. सप्टेंबरसाठी जागासुद्धा ठरलीय, अट एकच: जीवशास्त्रात सातपैकी पाच.

अशा मुलांना परीक्षेत लेखनिक मिळतो. मूल बोलतं, लेखनिक लिहितो, जसं बोलेल तसं. चुकीचं बोललं तर चुकीचं लिहायचं. मान हलवायची नाही, हूं म्हणायचं नाही. शुक्रवारी जीवशास्त्राच्या पेपराला ठरलेल्या लेखनिक बाई तापाने फणफणल्या आणि ऐन वेळी मी बसले. रोज शिकवणाऱ्याने शक्यतो बसू नये असा नियम आहे. पण दुसरं होतं कोण?

पर्यवेक्षक म्हणून आमचे संगीताचे मास्तर होते. एरवी भला माणूस. त्यांनी नोंदवहीत लिहून ठेवलं: ‘लेखनिकाचं पेन उमेदवाराच्या वाक्याच्या मध्येच चार वेळा थांबलं.’ झालं! परीक्षांचा कारभार बघणाऱ्या बाईंनी, म्हणजे आम्ही मागून त्यांना घड्याळबाई म्हणतो त्यांनी, राईचा पर्वत केला. आता मी लेखी जबाब द्यायचा, पुढच्या मंगळवारी सकाळी दहाच्या आत. तो परीक्षा मंडळाकडे जाणार. मदत झाली असं ठरलं तर पेपर रद्द, म्हणजे पोरीची जागाही गेली.

अरे, अडीच तास लिहिल्यावर हात आखडणार नाही तर काय! पेन थांबणारच. तेवढं लिहून मोकळी होते.

सहज कळवलं. इतक्या वर्षांनी पत्र का, ते विचारू नकोस. तुझी आठवण आली.

तुझी,
ताई


शनिवार, ११ मे
सकाळ

प्रिय भावा,

आशीर्वाद. काल दुपारी तुझा फोन आला. कशी आहेस नाही, काय नाही. “ताई, तुझा हात कधीपासून आखडायला लागला? माझ्या वह्या दोन-दोन तास लिहायचीस तू.” एवढं बोललास आणि ठेवून दिलास. मागे पाने-पकडी वाजत होत्या. मी फोन हातात धरून झेरॉक्स मशीनपाशी नुसती उभी. मागे शिक्षकांची रांग लागली तरी मला पत्ता नाही.

हात आखडला नव्हता. घे, लिहिलं.

ग्रंथालयाशेजारच्या लहान खोलीत बसलो होतो. ती माझ्या डावीकडे, मास्तर दाराशी. तिसऱ्या प्रश्नाला ती म्हणाली, “फुप्फुसातून आलेलं रक्त हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं.” माझं पेन ‘हृदयाच्या’पाशी थांबलं. शपथेवर सांगते, तेव्हा मला कळलंसुद्धा नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती रे. पेनाच्या टोकाकडे बघत होती. लगेच म्हणाली, “थांबा, डाव्या.” मी ‘डाव्या’ लिहिलं.

दुसऱ्यांदाही नकळत झालं, असं म्हणता येईल. जबाबात मी ते म्हणूही शकेन. पण तिसऱ्यांदा ती म्हणाली, “इन्सुलिन यकृतात तयार होतं,” आणि मी पेन उचललं. मुद्दाम. कागदापासून बोटभर वर धरलं. ती म्हणाली, “नाही नाही, स्वादुपिंडात.” चौथ्यांदाही मुद्दामच. पुरे झालं, आता कितव्यांदा काय ते विचारू नकोस.

आमच्या विभागप्रमुखांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतलं. फार प्रेमाने बोलले. म्हणाले, “हात आखडला असं लिहा. खोटं कुठे आहे? सगळ्यांचेच आखडतात. मास्तरांनाही तसंच वाटलं असेल, मी बोलतो त्यांच्याशी. पोरीचा विचार करा, शाळेचा करा.” मी हो म्हणून आले. हो म्हणायला माझं काय जातंय, असं वाटलं तेव्हा.

मग गुरुवारी तिचा तास होता. मी म्हटलं, आज मी लिहिणार नाही, तू बोल, फोनवर रेकॉर्ड करू. जुने दहा प्रश्न काढले, आधी सोडवलेलेच. माझे दोन्ही हात टेबलाखाली ठेवले. भावा, ती बडबडी गप्प झाली! एक वाक्य बोलायची आणि टेबलावर माझा हात शोधायची. पुन्हा बोलायची, पुन्हा शोधायची. “मिस, तुम्ही लिहा ना,” म्हणाली. शेवटी दहापैकी चार बरोबर. त्याच दहा प्रश्नांना मार्चमध्ये माझ्यासमोर तिला नऊ मिळाले होते. तो नऊचा कागद मी फळ्यावर लावला होता, सगळ्या विभागाला दाखवत फिरले होते.

म्हणजे शुक्रवारच्या चार वेळा सोड. दोन वर्षं. दोन वर्षं ती माझं पेन वाचत होती आणि मी प्रगतिपुस्तकात ‘लक्षणीय सुधारणा’ लिहीत होते. मूर्ख बाई!

तिला येत नाही असं नाही, हे लक्षात घे. विषय तिच्या डोक्यात आहे. पण बरोबर काय ते ठरवायचं कामच तिला कधी पडलं नाही. ते मी करून टाकत होते.

खरं लिहिलं तर तिची जागा जाते. खोटं लिहिलं तर सप्टेंबरमध्ये ती दोनशे पोरांच्या वर्गात बसेल आणि माझा हात शोधेल. मंगळवारला तीन दिवस आहेत. काल दोनदा जबाब लिहिला आणि दोनदा फाडला.

तुझ्याबद्दलही एक लिहायचं होतं. राहू दे आता. भाजी करपतेय.

तुझी ताई


शुक्रवार, २४ मे
शाळा सुटल्यावर

भावा,

आशीर्वाद वगैरे आहेतच.

खरं लिहिलं. चारही वेळा काय झालं ते, दोन नकळत आणि दोन मुद्दाम, उजवा-डावा कप्पा, स्वादुपिंड, सगळं. जबाब देण्याच्या आदल्या दिवशी मुलीला आणि तिच्या आईला बोलावून आधी त्यांना सांगितलं. मागून कळलं असं नको होतं. आई इस्पितळात नर्स आहे, ड्युटीवरून तशीच आलेली, गळ्यात ओळखपत्र. मी बोलत होते तोवर ती ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत होती.

मग म्हणाली, “म्हणजे तुमचं मन हलकं होणार आणि वर्ष माझ्या पोरीचं जाणार. वा!”

खरंच होतं ते.

“तुम्हीच पेन थांबवलंत ना? तिने सांगितलं होतं थांबवा म्हणून?”

“नाही. तिची काही चूक नाही, तेही लिहिलंय.”

“लिहा, लिहा. तुम्हाला लिहायला छान जमतं.”

मुलगी इतका वेळ टेबलाकडे बघत होती. हळूच म्हणाली, “मला माहीत होतं, मिस. नववीपासून मी सगळ्यांचेच हात बघते. तुमचा सगळ्यात सोपा आहे.” आणि आईला म्हणाली, “चल.” त्यानंतर कॉरिडॉरमध्ये मी दिसले की ती पलीकडच्या जिन्याने जायची.

मंगळवारी दहाला पाच कमी असताना घड्याळबाईंनी जबाब वाचला, दोनदा. त्या ओरडतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, “पाणी घ्या.” बास.

मंडळाचं उत्तर काल आलं. पेपर रद्द. नोव्हेंबरमध्ये पुन्हा देता येईल, नवीन लेखनिक घेऊन. कॉलेजने जागा राखून ठेवायला नकार दिला, पुढच्या वर्षी परत अर्ज करा म्हणाले. मला पाच वर्षं कुठल्याही परीक्षेत लेखनिक म्हणून बसता येणार नाही. नोकरीचं जूनमध्ये ठरेल. विभागप्रमुख माझ्याशी फक्त ईमेलने बोलतात, आणि त्यांचं टेबल माझ्यापासून सहा पावलांवर आहे. संगीताचे मास्तर मात्र आले, दारात घुटमळले, म्हणाले, “मी ते लिहायला नको होतं का?” मी म्हटलं, “तुम्ही तेवढे एकटेच आपलं काम करत होतात.” बिचारे आणखीच कानकोंडे झाले.

आता तुझं. गेल्या पत्रात भाजी करपत होती म्हटलं ना, ती करपत नव्हती.

मी आजवर सगळ्यांना सांगत आले की भावाला मी हाताला धरून शिकवलं. तुझ्या वह्या मी लिहायचे, निबंध मी लिहायचे, नकाशे मी काढायचे. मदत म्हणून. खोटं आहे ते. तू हळू लिहायचास आणि मला ते बघवायचं नाही. मला उरकून खेळायला जायचं असायचं. तुझं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ते माझ्या शब्दांत लिहून टाकायचे आणि तू म्हणायचास, “ताई, मला असं नव्हतं म्हणायचं.” मी म्हणायचे, “असंच बरोबर आहे.” मग शेवटच्या वर्षी परीक्षेत मी नव्हते. तू तीन तास कोऱ्या कागदापुढे बसलास.

आणि निकालाच्या दिवशी मामा, मावश्या, शेजारचे सगळे जमलेले असताना मी काय म्हणाले ते तुला आठवतं. मलाही शब्द न शब्द आठवतो. “याच्या जागी मी बसले असते तर पहिला आला असता.” सगळे हसले. आईसुद्धा. तू चपला घालून बाहेर गेलास ते थेट गॅरेजात. आपण लग्नांमध्ये, बारशांमध्ये बोलतो, हसतो, पण त्या दिवसानंतर तू मला कधी काही विचारलं नाहीस, हे मला कळत नव्हतं असं समजू नकोस. कळत होतं. तू मनाला लावून घेतोस, असं मी सगळ्यांना सांगायचे.

माझं चुकलं. त्या दिवशी चुकलं आणि त्याआधी रोज चुकत होतं. मला माफ कर, असं लिहायला मी बावीस वर्षं लावली. तू हळू आहेस म्हणे!

आज शेवटच्या तासाला बडबडी आली. आत आली नाही, दारातच उभी राहिली, दप्तर एका खांद्यावर.

“नोव्हेंबरला कोण बसणार?”

“दुसऱ्या शाळेतून एक बाई येतील. तू ओळखत नाहीस त्यांना.”

“त्यांना आधीच सांगून ठेवा. माझ्या मागे बसायचं. मला त्यांचा हात दिसायला नको.”

सांगते म्हटलं. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण माझं तोंड ना! “आणि मग एखादं चुकलं तर गं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. दोन आठवड्यांत पहिल्यांदा, सरळ तोंडाकडे.

“तर चुकेल ना, मिस.”

आणि गेली. मी टेबलाशी बसून रडले. मग डोळे पुसले आणि तुला लिहायला घेतलं.

फोन करू नकोस. उत्तर लिही. तुझ्या हाताने लिही, कसंही लिही, महिना लागू दे. ‘मला असं म्हणायचं होतं’ असं जे काही तेव्हापासून राहिलंय, ते लिही. मी त्यातलं काहीही दुरुस्त करणार नाही.

वाट बघणारी,
ताई