चढत्या भावाची गल्ली

प्रिय ठमाबाई,

फोनवर तू घाईत असतेस आणि मला धड ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. तू म्हणालीस तसं घर विकायला काढलं. जन्मभर लोकांना घरं दाखवून दलाली खाल्ली, आता स्वतःचंच दाखवायची पाळी आली. गिऱ्हाइकं येतात, पण मी त्यांना छताची गळती दाखवतो, शेजारच्या कुत्र्याचे प्रताप सांगतो, वर न विचारता सांगतो की नळाला पाणी बेताचंच. ओल्या भिंती ‘थंडावा’ म्हणून खपवणारा मी एकाएकी सत्यवादी झालोय! धंदा आता माझा भाचा बघतो, तो कपाळाला हात लावतो.

भाव कशानं चढतो हे मला तरी कुठे कळलं म्हणा. हे घर घेतलं तेव्हा कारखान्याचा भोंगा ऐकू येईल त्याच जागेला मान होता, कारण कामाला चालत जाता यायचं. कारखाना बंद पडला आणि ही गल्ली कुणी फुकट घेईना. मग जवळ शाळा निघाली, भाव चढला. पुढे घरोघरी गाड्या आल्या, गल्लीत गाडी वळेना म्हणून पुन्हा पडला. तू नोकरीसाठी गेलीस ती त्याच पडत्या काळात. काम असेल तिथे माणसानं राहावं, असं मीच तुला सांगितलं होतं, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. तरी अजून संध्याकाळी जिना वाजला की मी दाराकडे बघतो. तुझी आई होती तोवर तीही बघायची, पण कबूल करायची नाही. फार आठवण येते गं तुझी.

आता गंमत ऐक. गल्ली पुन्हा महागली आहे, का, तर इथे शांत आहे म्हणून! परवा एक जोडपं आलं. तुझ्यासारखंच काम, कंपनी कुठल्या कुठे आणि हे दोघं घरात बसून. गळती सांगितली, कुत्रा सांगितला, ढिम्म हलले नाहीत. त्या मुलीनं तुझ्या खोलीत खिडकीपाशी टेबल मावतं का ते टेपनं मोजलं आणि म्हणाली, इथे बसून कुठलंही काम होईल. मी मान डोलावली आणि आत जाऊन पाणी प्यायलो. भाच्यानं त्यांना महिनाअखेरीस उत्तर द्यायचं कबूल केलंय.

ठमे, वर्षभर तूही घरातूनच काम करतेस, तूच सांगितलंस. मग ते याच घरातून का नाही? तिथे तुझं मन रमलं असेल, तुझी माणसं असतील, तर सरळ तसं कळव. मी त्यांना हो म्हणेन आणि रुसणार नाही. पण धंद्यातली एक रीत मी कधी मोडली नाही. खोली नव्या माणसाला द्यायच्या आधी, तिथे राहून गेलेल्याला एकदा विचारायचं. म्हणून विचारतोय, तुला हवी आहे का?

तुझाच हट्टी,
बाबा