पाण्याच्या रंगाची म्हैस

आबा, तुमच्या पणतीकडं एक म्हैस आहे. तुमच्या माघारी मी घरात जनावर ठेवलं नाही, एसटीच्या वर्कशॉपातली नोकरी करत राहिलो आणि गोठा एका मोटरसायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला भाड्यानं दिला. हे तुम्हाला आवडलं नसतं, म्हणून म्हशीची बातमी आधी सांगतो. ही म्हैस पाण्याच्या रंगाची आहे, त्यामुळं ती कुणाला दिसत नाही. पोरीला दिसते, आणि पोरीनं बोट दाखवलं की मला. पोरगी म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, पाच वर्षांची. तिच्या सांगण्यानुसार उन्हाळ्यात म्हैस आटून मांजराएवढी होते आणि दप्तरात बसून शाळेत जाते. पाऊस लागला की वाढायला लागते. यंदा नदी पात्राबाहेर पडायच्या आधीच ती मला म्हणाली होती, ‘आज्जा, ती आता गोठ्यात मावंना झालीया.’ मी हसलो होतो.

हे मी कसबा बावड्यात बसून लिहितोय. तुमच्या धाकट्या लेकीच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर, मी, मुलगा, सून आणि पोरगी असे येऊन राहिलोय, कारण आपल्या गल्लीत पाणी आहे. किती आहे ते कळायला मार्ग नाही, तिकडं कुणाला सोडत नाहीत. इथल्या गॅलरीतून एरवी उसाची शेतं दिसतात. आता नुसते शेंडे दिसतात आणि त्यांच्यामध्ये चहाच्या रंगाचं पाणी, हलतंय की थांबलंय ते ओळखू येऊ नये असं. पाऊस काल थांबला, पण राधानगरी धरणाचे दरवाजे उघडे आहेत आणि पाणी अजून चढणार असं टीव्हीवर सांगतायत. पूर पावसाच्या आवाजात येत नाही, पाऊस गप्प झाल्यावर येतो, असं तुम्ही म्हणायचा. तसंच झालंय. रस्ता बंद, गाड्या बंद, कुत्रीसुद्धा वरच्या अंगाला निघून गेलीत. एवढ्या शांततेत पोरगी गॅलरीचे गज धरून पाण्याकडं बघत बसते आणि मधूनच हसते. या हसण्यावर मी आजवर तग धरून होतो. आता ती हसली की मी उठून तिच्या मागं जाऊन उभा राहतो.

तिची आजी गेली त्या पावसाळ्यात ही म्हैस आली. मी तेव्हा कुणाशी फारसं बोलत नव्हतो. संध्याकाळी मिस्त्री हत्यारं आवरून गेला की गोठ्याच्या पायरीवर बसून राहायचो, आणि पोरगी येऊन शेजारी बसायची. भिंतीतल्या लोखंडी कड्या कशाच्या, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी म्हैस हजर. मग तुमच्या गोष्टी सुरू झाल्या. तुम्ही तिन्हीसांजेला म्हशी घेऊन दुधाच्या कट्ट्यावर उभे राहायचा, तालमीतली पोरं पेले पुढं करायची, तुम्ही त्यांच्यादेखत धार काढून द्यायचा, आणि पेल्यावर फेस उभा राहिला नाही तर तो पेला परत घ्यायचा. हे ऐकल्यापासून ती रिकाम्या पेल्यात धार काढायला लागली, दोन चिमुकल्या मुठी खालीवर करत, तोंडानं चुर्र चुर्र आवाज काढत. पहिला पेला माझा. ‘आधी फेस फुंक, मग पी.’ मी प्यायलो की फ्रॉकच्या टोकानं माझ्या मिशा पुसायची. तिच्या बापाला, तो उशिरा येतो म्हणून, ताकावर भागवावं लागायचं. मिस्त्रीच्या गिऱ्हाइकांना ती दरडावायची, ‘पावणं, जरा सरका की, म्हैस उठतीया,’ आणि मिस्त्री गाडीखालून मान न काढता म्हणायचा, ‘लांबनं जावा, शेपटी मारती ती.’ चांगली मोठी माणसं वळसा घालून जायची. आबा, मी साठी ओलांडलेला माणूस आहे, जन्मभर नटबोल्टात काम केलंय. पण त्या पेल्यात दूध असायचं. यापेक्षा नीट मला सांगता येत नाही.

मागच्या दिवाळीत, पाडव्याला, गावातल्या म्हशी शिंगं रंगवून आणि गळ्यात कवड्यांच्या माळा घालून निघाल्या, तेव्हा आमचीही निघाली. पोरगी पुढं पळत होती आणि म्हैस मागून येत होती. घरी आल्यावर ती म्हणाली, आता हिला बांधायला पायजे, रात्री ही नदीत जाती. मी बाजारातून नवा नायलॉनचा दोर आणला. सून शाळेत शिकवते, शहाणी बाई आहे, मला मामा म्हणते. ‘मामा, आता दोर पण आणलात होय?’ म्हणून ती तेव्हा हसली होती. मी पोरीला विचारलं, कुठल्या कडीला बांधू. ती सगळ्या कड्या सोडून थेट कोपऱ्यातल्या कडीकडं गेली. तिथं मिस्त्रीचे जुने टायर रचलेले असतात, ती कडी धड दिसतही नाही. टायर बाजूला करून मी दोर बांधला, तुम्ही शिकवलेल्या गाठीनं, जी ओढली की आवळते. कोपऱ्यातली कडी कुणाची होती हे मी तिला तोवर सांगितलेलं नव्हतं.

ते सांगितलं यंदा, आषाढातल्या एका दुपारी. बाहेर पाऊस होता आणि तिला गोष्ट हवी होती, म्हणून मी लहानपणीच्या पुराची गोष्ट सांगितली. पाणी गल्लीत शिरलं तेव्हा आई जोंधळ्याच्या पोत्यासाठी ओरडत होती आणि तुम्ही तिकडं न बघता सरळ गोठ्यात गेला होता. एकेक दावं सोडत होता. मी एका दाव्याला लोंबकळलो, सोडू नका, त्या जातील म्हणून रडायला लागलो. तुम्ही माझ्या मुठी उलगडल्या, मला बाजूला ढकललं आणि म्हणालात, ‘बांधल्यालं जनावर बुडतंय. सोडल्यालं जनावर वाट काढतंय.’ तुमच्या तोंडून त्या दिवसात ऐकलेली एवढीच दोन वाक्यं मला आठवतात. पाणी उतरल्यावर म्हशी आल्या, चिखलानं माखलेल्या, एकेक करून. कोपऱ्यातली तेवढी आली नाही. तुम्ही पुढं कित्येक दिवस तिची जागा झाडत होता आणि त्या कडीला दुसरं जनावर कधी बांधलं नाही. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, आबांनी सगळ्यांची दावी सोडली होती का. म्हटलं, सगळ्यांची. तिनं मान डोलावली. मला वाटलं, गोष्ट संपली.

परवा दुपारी महापालिकेची गाडी भोंग्यावरून सांगत फिरत होती, घरं रिकामी करा. मुलगा शिरोलीच्या कारखान्यातून निघाला होता आणि अलीकडं कुठंतरी अडकला होता. मी धान्याचे डबे माळ्यावर चढवत होतो, सून आतल्या खोलीत कपडे बांधत होती. पोरगी आईजवळ आहे असं मला वाटलं, आईला वाटलं माझ्याजवळ आहे. गोठा तुम्हाला माहीतच आहे, घराच्या मागं, पायऱ्या उतरून, नदीच्या अंगाला. मिस्त्रीनं सकाळीच गाड्या हलवल्या होत्या. डबे चढवता चढवता मला जाणवलं की घरात तिचा आवाज नाही, आणि ती कुठं असेल हे मला त्याच क्षणी कळलं. शोधावं लागलं नाही. मी सरळ मागच्या दारानं खाली उतरलो.

ती कोपऱ्यात होती. पाणी तिच्या छातीला लागलं होतं, टायर तिच्याभोवती तरंगत होते. एका हाताची बोटं कडीत अडकवून दुसऱ्या हातानं ती गाठ उकलत होती. रडत नव्हती. कामाला लागलेल्या बाईचा असतो तसा चेहरा होता. ‘आज्जा, गाठ सुटंना,’ ती म्हणाली, मला यायला उशीर झाल्यासारखं. मी म्हटलं, चल वर आधी. तिनं मान हलवली आणि म्हणाली, ‘बांधल्यालं जनावर बुडतंय.’ तुमचं वाक्य, आबा, त्या बारीक आवाजात. तुम्ही माझ्या मुठी उलगडल्या होत्या तशी मला तिची बोटं कडीतून काढता आली असती. एवढीशी तर बोटं. पण मी ती काढली नाहीत. मी तिला कडेवर घेतलं, आणि एका हातानं, मग दातानं, गाठीला लागलो. भिजलेला नायलॉन दगडासारखा झाला होता. मागची भिंत पाणी पिऊन आत झुकली होती, तिच्यातून माती सुटत होती आणि पाणी वाढत होतं. हे सगळं मला दिसत होतं आणि तरी मी गाठ सोडत होतो. शेवटी सुटली. पोरीनं दोर पाण्यात जाताना पाहिला, मग माझ्या गळ्याला मिठी मारली आणि म्हणाली, ‘आता चल.’

आम्ही वर येऊन तिचे कपडे बदलतोय तोच मागून मोठा आवाज झाला. सून म्हणाली, काय पडलं हो. मी म्हटलं, गोठा. पोरगी पन्हळीखाली भिजली असं समजून सुनेनं तिला एक धपाटा घातला आणि आम्ही निघालो. पोरीनं काही सांगितलं नाही. मीही नाही.

आज सकाळी सुनेनं पाहिलं, पोरगी गजातून हात बाहेर काढून पाण्याच्या दिशेनं चुचकारत होती. तिनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिला रडू येत होतं आणि ती ते रागात दडवत होती. ‘मामा, हे खूळ तुम्ही लावलंय, तुम्हीच काढा. पाणी उतरलं की आपण पुन्हा त्याच घरात जाणार. ही पोरगी पाण्याला भीतच नाही.’ तिला जेवढं माहीत आहे तेवढ्यावरही तिचं बरोबर होतं. मी गॅलरीत जाऊन पोरीशेजारी बसलो. म्हैस नव्हतीच, आपण खेळत होतो, असं सांगायचं ठरवून बसलो होतो. तोंडातून आलं, ‘म्हैस गेली, बाळ.’ ती माझ्याकडं बघून हसली, मोठी माणसं लहानांना हसतात तशी. ‘गेली न्हाय. सोडल्यालं जनावर वाट काढतंय की. हिकडंच यायला लागलीया, त्या उसातनं.’ मी तिकडं पाहिलं. उसाचे शेंडे एका ठिकाणी हलत होते, बाकी सगळीकडं वारा नव्हता. खाली काहीतरी वाहत येऊन अडकलं असेल. पोरीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. ‘भिऊ नको आज्जा. मी हाय न्हवं?’

आबा, मला आजवर असं कुणी म्हटलेलं नाही. आणि असं म्हणणारी पोर पाणी चढताना पायऱ्या उतरून खाली गेली होती आणि पुन्हा जाईल. मी गॅलरीच्या दाराची वरची कडी तारेनं बांधून घेतली आणि दारात खुर्ची टाकून बसलोय, तिथंच हे लिहितोय. संध्याकाळी सून बाजारातून आली की तिला गोठ्यातलं सगळं सांगणार आहे. ते ऐकल्यावर ती पोरीला त्या घरात ठेवणार नाही. माहेरी चंदगडला घेऊन जाईल, तिथल्या शाळेत घालेल. मुलगाही तिच्यामागं जाईल. जाऊ देत. सांगितलं नाही तर काय होईल ते मला माहीत आहे, आणि सांगितल्यावर माझ्या संध्याकाळींचं काय होईल तेही माहीत आहे.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. आलेली पत्रं मी मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचा. हे वाचून दाखवायची सोय नाही, पोरगी दाराच्या अलीकडं, माझ्या पायाशी बसलीय आणि तिचे कान तिखट आहेत. म्हणून घडी करून खिशात ठेवीन. सुनेला सगळं सांगेन, एक सोडून, ते इथंच लिहितो. गाठ सुटली तेव्हा दावं नुसतं वाहून गेलं नाही. आधी माझ्या मुठीत ताणलं गेलं, गोठ्याबाहेर पडताना म्हैस एकदा मानेनं हिसका देते तसं. चढतं पाणी असंच ओढतं, हे मला समजतं. पण मी मूठ लगेच उघडली नाही. पोर कडेवर होती, भिंत झुकली होती, आणि मी ते दावं धरून उभा राहिलो. भीतीनं नाही, आबा. मला आनंद झाला होता.