प्रवासी विमानाचा कॉम्प्युटर

लेस्टर

तीर्थरूप बाबांना,

नमस्कार करते, पण रागातच. फोनवर विचारलं असतं तर तुम्ही लगेच आईकडे फोन दिला असता, म्हणून पत्र.

आम्ही सगळे ठीक आहोत. मी शनिवारी म्युझियममध्ये जुनी मशीन्स साफ करायला जाते ना, तिथे काल तुम्ही बनवलेला तो कॉम्प्युटर टेबलावर आला. तुम्ही सांगायचात तसाच. शेकडो चिप्स, सगळ्या एकाच जातीच्या, म्हणजे एक बिघडली की दुसरी कुठलीही उचलून लावा. केवढी फुशारकी मारायचात! "इंग्लंडात होतो तेव्हा प्रवासी विमानांसाठी डिझाइन केला" म्हणे. त्याच्या लेबलवर 'क्षेपणास्त्रासाठी' असं लिहिलंय, बाबा! जन्मभर आम्हाला खोटं सांगितलंत?

झाकणाच्या आत कुंकवाचं बोट होतं. दसऱ्याला स्कूटरला, मिक्सरला लावायचात तसंच, उजव्या कोपऱ्यात. पूजा कशाची करतोय हे तुम्हाला ठाऊक होतं ना?

सोबतच्या कॉलिनने विचारलं, "हा लाल डाग कसला?"

"गंज असेल," मी म्हणाले. त्याने पुसून टाकला. मी पुसू दिला.

आईचा गुडघा कसा आहे? या दसऱ्याला स्कूटरला, मिक्सरला कुंकू तिलाच लावू द्या, तुम्ही नको.

तुमचीच, काय करणार,
सुप्रभा