ब्रेकवाल्या सीटसाठी चार टायर

सोमवार, ३ तारीख. सकाळी.
काल आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा पुढचा टायर फुटला. शिकायला येणाऱ्या केकवाल्या बाई चालवत होत्या. गाडी थेट कचरापेटीवर. बाईंच्या कपाळाला टेंगूळ, पेटीचा भुगा. बाबा शेजारी, शिकवणाऱ्याच्या ब्रेकवाल्या सीटवर होते, पण त्यांचा गुडघा गेलाय. पाय पोचेपर्यंत पेटी पोचली. गाडी ओढून घरी आणली.
तपासणीवाले साहेब सांगून गेले, पंधरा तारखेच्या आत चारी टायर बदला, नाहीतर स्कूलला टाळं.
बाबा म्हणाले, आता माझ्याच्यानं शिकवणं होत नाही. टायरचं काम जो नीट करेल त्याची ब्रेकवाली सीट. उमेदवार दोनच. मी आणि भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा. भाऊजी शुक्रवारपर्यंत कारखान्यात डबल ड्युटीला. म्हणजे सीट माझी.
निश्चय: मारामारी बंद. सर म्हणवून घ्यायचं तर तोंड सुजलेलं बरं दिसत नाही.

सोमवार, दुपारी.
टायरच्या मापाचा नंबर लिहून घेतला. चाकांवर चिखलाचा थर, आडवं कोण पडणार? डिकीतली स्टेपनी स्वच्छ होती. तिच्यावरचा घेतला. डोकं लागतं.

सोमवार, सहा वाजता.
पहिलं दुकान. मालकाला मान नाही, सगळे गेंडा म्हणतात. म्हणाला, गाडी आण, बघून देतो. मी म्हणालो, गाडी बघायला मुलगी आहे का? नंबर घे, माल दे. तो हसला. त्याचा पोऱ्यासुद्धा हसला. मी टायरच्या थप्पीवर जरा जोरात थाप मारली. थप्पी गेंड्याच्या पायावर पडली. त्यानं माझ्या जबड्यावर एक दिली.
मी हात उचलला नाही. टायर आपले आपण पडले. एक दाढ हलतेय.

मंगळवार, ४.
दुसरं दुकान, बहीणभावाचं. टायरवर शेवटी चार आकडे असतात, त्यावरून तो कुठल्या साली बनला ते कळतं. मी लगेच पकडलं, माल दोन वर्षं जुना! बहीण म्हणाली, नवा आतून आणते, ओरडू नका. मी ओरडत नव्हतोच, समजावत होतो. भावानं कॉलर धरली. माझं डोकं त्याच्या नाकाला लागलं. चूक नाकाची, पुढे होतं.
शेवटी नवे चार टायर घेतले. बिलावर शिक्का, विकलेला माल परत नाही. परत करतंय कोण?
टायर घरी न्यायला बोलावलेला टेम्पोवाला बिल बघत होता तेवढ्यात गंमत म्हणून त्याच्या मागच्या चाकाची हवा सोडली. त्यानं मला अर्धा रस्ता पळवलं. अर्धाच, कारण मग मी सापडलो.

बुधवार, ५.
कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या आजोबांकडे टायर बसवले. म्हणाले, पोरा, हे रुंद आहेत, स्टेअरिंग पूर्ण वळवलंस तर आत घासतील. मी म्हणालो, रुंद म्हणजे पकड जास्त. ते म्हणाले, अकलेचीही थोडी रुंदी बघ. मी पाना उचलला. त्यांनी टायर काढायची टॉमी उचलली. टॉमी लांब होती. मग बोलून मिटवलं.

बुधवार, संध्याकाळी.
बाबांनी गाडीभोवती लंगडत चक्कर मारली. पाठीवर हात ठेवला. मी सवयीनं खाली वाकलो, पण नुसतीच शाबासकी होती. उद्यापासून सीटवर बस म्हणाले.
आरशासमोर ‘सर’ म्हणून बघितलं, ‘शर’ ऐकू आलं. दाढेमुळे असेल.

बुधवार, जेवणानंतर.
ताईचा फोन. म्हणते, आमची स्टेपनी बारीक कशी रे दिसते?
मग आठवलं. गेल्या सुट्टीत भाऊजी जेवत असताना मीच त्यांच्या आणि स्कूलच्या गाडीच्या स्टेपन्यांची अदलाबदल केली होती. पंक्चर झालं की त्यांची गाडी एका अंगाला कलेल, म्हणून. त्यांची गाडी मोठी, टायर रुंद. म्हणजे मी भाऊजींच्या गाडीचे टायर आणले.
ताईला म्हणालो, डाएटवर असेल.
बाबांना उद्या सांगतो. आधी पहिला धडा होऊ दे. स्टेअरिंग पूर्ण वळवायचंच नाही, मग घासेल कसं? उद्याचा विषय: सरळ जाणे.

गुरुवार, ६.
केकवाल्या बाईंना सरळ नेलं. खूप सरळ. बाई म्हणाल्या, सर, गाव संपलं. सर! म्हटलं, अजून सरळ. शेवटी समोर लाकडाच्या वखारीची भिंत आली. बाईंनी घाबरून सगळं स्टेअरिंग फिरवलं. आतून करवतीसारखा आवाज, जळक्या रबराचा वास. बाई किंचाळल्या आणि ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला. मी ब्रेक दाबला. दोघंही दाबत होतो. टायर फुटला, भिंतही फुटली.
बाईंनी मला पर्सनं मारलं. पर्समध्ये लाटणं होतं. वखारवाल्यानं फळीनं मारलं. बाबा रिक्षानं आले आणि काठीनं मारलं. दोन पायांवर नीट उभे राहून! गुडघा सुधारतोय.
सगळं सांगून टाकलं. मग आणखी मारलं.

शनिवार, ८.
भाऊजी गाडी घेऊन गेंड्याकडे गेले. तासाभरात चार बरोबर टायर बसवून आले. गेंड्यानं चहापण पाजला म्हणे. माझे उरलेले तीन टायर त्यांच्या गाडीला फिट बसले. माझी निवड त्यांनाही पटली म्हणायची.

शनिवार, १५.
स्कूल पास झालं. साहेबांनी भाऊजींचा हात हातात घेतला. मी वखारीची भिंत बांधत होतो.

सोमवार, १७.
बाबांनी मला स्टाफवर घेतलं. शिकणाऱ्यांना अचानक ब्रेक मारायची सवय व्हावी म्हणून मी झाडामागून एकदम गाडीसमोर यायचं. जबाबदारीचं काम आहे, कुणालाही जमत नाही. पहिली पाळी केकवाल्या बाईंची. बाबांना म्हणालो, विचार करून कळवतो.
भाऊजींनी खालून, ब्रेकवाल्या सीटवरून हॉर्न दिला.
निघालो.