मैदानात पुढे केलेला हात

आबा, आज मी जोड लावली. तुम्ही जत्रेच्या मैदानात पैलवानांची लावायचात तशी, पण मी लावली ती अख्ख्या कॉलेजची. तुम्हाला हे रुचलं नसतं, ठाऊक आहे मला. म्हणून तर आधी तेच सांगितलं.

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. सातवी झाली की बास, असं तुम्ही म्हणाला होतात. आईनं ते ऐकलं नाही, मीही नाही. आता मी एम. ए. होऊन सांगलीच्या एका नव्या कॉलेजात शिकवते आणि मुलींचा खो-खोचा संघ माझ्याकडे आहे. कॉलेज वाढतंय, मुलांचे संघही दांडगे झालेत, तेव्हा यंदा कुठल्या तरी एका स्पर्धामंडळात नाव घालायचं ठरलं. एक पुण्याचं मोठं मंडळ. जुनी, नावाजलेली कॉलेजं त्यात. दुसरं आपल्याच बाजूच्या, साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंतच्या नव्या कॉलेजांनी मिळून काढलेलं. एकदा नाव घातलं की तीन वर्षं बदलायचं नाही.

पुण्याला आम्ही गेल्या वर्षी सहज म्हणून एक सामना खेळून आलो. आमच्या मुली लुगड्याचा काचा मारून उतरल्या आणि उभ्या राहण्याआधीच बाद झाल्या. बघणारे हसले. परत आल्यावर संघातल्या नऊजणींपैकी चौघी मैदानाकडे फिरकल्या नाहीत. त्यांतल्या एकीच्या घरी गेले. पेठेतलं जैन व्यापाऱ्याचं घर. तिची आई दारातच म्हणाली, "आवं बाई, दोन रात्री पोर परगावी ऱ्हायली, आन् आली ती रडतच. कशापायी?"

तेव्हा मला शिराळ्याकडचं ते मैदान आठवलं. मी आठ-नऊ वर्षांची आहे, बैलगाडीच्या साटीवर उभी. तुम्ही पंच. डोक्याला तांबडा पटका, पायात काही नाही. पैलवान गोल फिरतायत आणि तुम्ही एकेकाचं मनगट धरून बघताय, मानेवर अंगठा दाबताय. पाटलांचा पुतण्या एका कोवळ्या पोराकडे बोट दाखवतो. "आबा, ह्यो द्या मला."

"न्हाई."

"का? भ्यालासा व्हय?"

"तू पाडशील त्येला, दिसतंय मला. पर त्यो पुन्ना माती बघायचा न्हाई. पडला तरी उद्या तालमीत आला पायजे, अशी जोड लावायची आसती गड्या. जा, तुज्या तोलाचा हुडक."

पाटील रागावले, तुम्ही हलला नाहीत. मला इतका अभिमान वाटला की मी गाडीवरून उतरून थेट मैदानात शिरले, हात पुढे केला आणि म्हणाले, "आबा, माजी जोड कुणासंगं?" सगळं मैदान हसलं. तुम्ही हसला नाहीत. माझा हात धरून खाली दाबलात. "पोरीनं हितं हात फुडं करायचा नसतो." मनगट संध्याकाळपर्यंत दुखत होतं.

आबा, ते तुमचं चुकलं. पाटलाच्या पुतण्याला निदान तोलाचा हुडक म्हणालात, मला तेवढाही न्याय दिला नाहीत.

आज मंडळ ठरवायच्या सभेत सगळे पुण्याच्या बाजूने होते. मुलांचे खेळ बघणारे सर म्हणाले, "बाई, वाघाशी हरलो तरी नाव होतं. शेळीशी जिंकून कोण विचारतं?" सगळे हसले. मी उठून उभी राहिले. म्हणाले, सर, तुमची मुलं हरून आली की चहा पितात आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर येतात. माझ्या मुली हरल्या की त्यांचं मैदान सुटतं, कदाचित कॉलेजही. मी जिंकायचं मागत नाही. सकाळी निघून दिवे लागायच्या आत घरी येता येईल आणि हरलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळावंसं वाटेल, असं मंडळ मागते. तीन वर्षांनी पुण्याला जाऊ, आणि हसणाऱ्यांना बघून घेऊ. एवढं जमत नसेल तर मुलींचा संघ दुसऱ्या कुणाला द्या.

मग तुमचं ते वाक्य मी शुद्ध भाषेत सांगितलं: पडणारा दुसऱ्या दिवशी तालमीत आला पाहिजे, अशी जोड लावावी. प्रिन्सिपॉल खुर्चीत सावरून बसले. "फार चांगला विचार आहे. कुणाचा?"

आपल्या बाजूचं मंडळ ठरलं. मुलींना सांगितलं तेव्हा त्या सोडून गेलेल्या चौघींतली एक कुंपणाबाहेर उभी होती. उद्या येऊ का, म्हणाली. मी नकळत तिचं मनगट धरून बघितलं.

हे पत्र टाकू कुठे? तुम्हाला अक्षरओळखही नव्हती. असतात तर मीच समोर बसून वाचून दाखवलं असतं, आणि एक गोष्ट गाळली असती. "कुणाचा?" असं प्रिन्सिपॉलांनी विचारलं तेव्हा, आबा, भरल्या सभेला उलट बोललेली तुमची लेक म्हणाली, "एका इंग्रजी पुस्तकात वाचला."