सुईत दोरा ओवणारी म्हातारी

आई,

लांबूनच तुझ्या आणि बाबांच्या पाया पडते. बातमी आधी सांगून टाकते: आमच्या फिल्मला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं!

हातानं काढलेल्या चित्रांची फिल्म, चारच मिनिटांची. एक म्हातारी शिंपीण सुईत दोरा ओवायला बघते, एवढंच. तिचं घर माझ्या खोलीवरच्या मैत्रिणीनं रंगवलं (ती इतकी बारीक की सगळे तिला काडीच म्हणतात) आणि म्हातारीच्या हालचाली मी काढल्या. महिन्यापूर्वी काडी म्हणाली, "हात खोटा वाटतोय गं. सगळं पुन्हा काढायला हवं." नुसत्या हाताची तीनशे चित्रं, आई! मी अशी भडकले की दोन दिवस आमचं बोलणंच बंद होतं.

मग चित्रं ओळीनं पाहिली, तर तिचंच खरं होतं. माझी म्हातारी दोऱ्याचं टोक ओलं न करताच ओवत होती. तुझ्यासारख्या शिंपिणीची लेक असून मी हे विसरले! मी कबूल केलं, तशी काडी म्हणाली, "निम्मी तू काढ, निम्मी मी." आणि पेन्सिल घेऊन शेजारी बसलीसुद्धा.

काल पडद्यावर दोरा सुईतून आरपार गेला आणि अख्ख्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. परीक्षक बाईंनी विचारलं, "हा हात कुणी काढला?" आम्ही एकमेकींकडे बोट दाखवलं.

मला चष्मा लागलाय, पण नंबर अगदी बारीक आहे. तुझं मनगट अजून दुखतं का? बाबा अजून "चित्रांनी पोट भरतं का?" म्हणतात का? त्यांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव. आणि सांग, परीक्षक बाईंनी आम्हा दोघींना कामावर बोलावलंय.

तुझी,
पहिली आलेली लेक